मूल घरी शिकणार असेल तर पुस्तके कोणती घ्यावी?

या अंकात आमच्याकडून खोडव्यातील पाचट कसे ठेवावे यावर लेख येईल अशी आपली अपेक्षा असेल. तो पुढच्या अंकी देऊ. या वेळचा विषय आमच्या खात्याचा नाही, हे आधीच कबूल करतो. पण गेल्या चार वर्षांत गट कार्यालयात ऊस नोंदीला आलेल्या निदान सात-आठ सभासदांनी नोंदीचे काम उरकल्यावर खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात आम्हाला एकच प्रश्न विचारला आहे. "साहेब, पोरगं शाळेत जाऊ शकत नाही. घरीच शिकवायचं म्हणतोय. पुस्तकं कुठली घेऊ?" कुणाच्या मुलाचे दुखणे लांबलेले, कुणाचा मुलगा कुस्तीच्या तालमीत राहायला गेलेला, कुणाचे मूल वर्गातल्या चिडवण्याला भिऊन शाळेचे नावच काढू देत नाही. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच.

पहिल्यांदा हा प्रश्न आला तेव्हा आम्ही दिलेले उत्तर साफ चुकले. त्यात एका मुलीचे वर्ष गेले. दुसऱ्या कुणाचे जाऊ नये म्हणून लिहितो.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आडसाली लागणीचे दिवस होते. आमच्या गटातले एक सभासद नोंद द्यायला आले. मुलगी सहावी होऊन सातवीत गेलेली. तिला लहान मुलांना होणारा संधिवात निघाला. सकाळी उठली की गुडघे आणि बोटांची पेरं धरलेली असायची, दहा-साडेदहाशिवाय अंग मोकळे होत नसे. मळ्यातून शाळा तीन किलोमीटर. वडील म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, दोन-तीन वरीस असंच चालणार. काय करू सांगा." आमची पदविका शेतीची, शिक्षणशास्त्राची नाही. पण साहेबाने 'माहीत नाही' म्हणायचे कसे? आम्ही ऐटीत दोन सल्ले दिले. एक, शाळेतून दाखला काढा, म्हणजे रोजची कटकट नको. दोन, नुकताच एक विक्रेता आमच्याकडे घरबसल्या शिकण्याचा तयार संच दाखवून गेला होता. रंगीत पुस्तके, टॅबलेट, सगळे इंग्रजीतून. तो घ्या. अठरा हजार रुपये. त्या गृहस्थांनी उसाच्या दुसऱ्या हप्त्यातून ते पैसे भरले.

दिवाळीनंतर आम्ही त्यांच्या प्लॉटवर गेलो तेव्हा टॅबलेटवर धाकटा भाऊ गाडी पळवण्याचा खेळ खेळत होता. पुस्तके कपाटावर, वरून प्लॅस्टिकची पिशवी घातलेली. मुलगी ओसरीवर बसून होती. आम्ही विचारले, "काय बाळ, अभ्यास कुठवर आला?" ती काही बोलली नाही. तिची आई आतून म्हणाली, "साहेब, तिला ते कळत न्हाई आणि मला वाचता येत न्हाई. मी नववीतनं शाळा सोडली, ती पण मराठी शाळा." त्या दिवशी ऊस कसा आहे ते न बघताच आम्ही परत फिरलो.

गावात एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. आम्ही त्यांना गाठून सगळे सांगितले. बाईंनी आधी आमची चांगली कानउघाडणी केली, मग पिशवीत दोन वह्या टाकून आमच्याबरोबर मळ्यावर आल्या. त्यांनी त्या संचाकडे पाहिलेसुद्धा नाही. मुलीला दुसरीच्या पातळीची एक गोष्ट वाचायला दिली. तिने भराभर वाचली. मग सातवीच्या मराठीच्या पुस्तकातला धडा दिला. तोही वाचला आणि आपल्या शब्दांत सांगितला. पुढे दोन अंकी हातच्याची वजाबाकी. तीही जमली. मग ६१८ भागिले ६. मुलीने उत्तर लिहिले १३. बाई आमच्याकडे बघून म्हणाल्या, "मधलं शून्य गेलं. भागाकार हिला चौथीपासून आलेला नाही आणि तुमचा संच हिला ऋण संख्यांचे गुणाकार शिकवतोय."

वाचन, वजाबाकी, भागाकार एवढ्यावरच मुलाची पातळी बघण्याची ही पद्धत काही बाईंनी शोधलेली नाही. 'प्रथम' संस्थेचा 'असर' अहवाल २००५ पासून निघतो, त्यासाठी कार्यकर्ते खेडोपाडी घरोघर फिरून मुलांना हेच विचारतात. आपल्या घरीही ते अर्ध्या तासात करता येते. माती तपासल्याशिवाय खताची मात्रा ठरवू नका म्हणून आम्ही दर आठवड्याला शिवारात ओरडत असतो. पण मुलीच्या बाबतीत आम्ही थेट पोतीच उतरवली होती.

बाईंनी जे सांगितले ते आम्हाला तोवर कुणी सांगितले नव्हते. शाळेत मूल एका इयत्तेत असते म्हणजे सगळ्या विषयांत त्याच इयत्तेत असते. चाळीस मुलांचा वर्ग चालवायचा तर त्याला इलाज नाही. घरी हे बंधन कशाला? त्या मुलीचे मराठी सातवीचे, विज्ञान सातवीचे, गणित चौथीचे आणि इंग्रजी तिसरीचे ठरले. सगळी पुस्तके बालभारतीची. १९६७ साली स्थापन झालेले हे आपले पाठ्यपुस्तक मंडळ, त्याची पुस्तके आता ई-बालभारतीवर फुकट उतरवून घेता येतात आणि छापील घेतली तरी सगळी मिळून त्या संचाच्या पासंगालाही पुरत नाहीत. चौथीच्या गणिताला मुलीने वर्तमानपत्राचे कव्हर घातले, भावाला इयत्ता दिसू नये म्हणून. दोन महिन्यांत ते पुस्तक संपले. त्यानंतर पाचवीचे गणित आले, त्याला तिने कव्हर घातले नाही.

वेळही तिच्या अंगाप्रमाणे ठरली. सकाळी काही नाही. अकरा वाजता सुरुवात, चाळीस मिनिटे झाली की उठून ओसरीवर चार फेऱ्या, कारण एका जागी बसले की सांधे पुन्हा धरतात. दिवसाला अडीच-तीन तास. वडिलांना हे फार थोडे वाटले. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० दिवस आणि १००० तास ठरवून दिले आहेत, म्हणजे दिवसाला साडेचार तास पडतात. पण त्यात हजेरी आली, रांगा आल्या, सगळ्या वर्गाचे लिहून होईस्तोवर थांबणे आले. एकाला एक शिकवताना अडीच तास पुष्कळ होतात, असे बाईंचे म्हणणे आणि आमचाही तोच अनुभव.

आता 'शिकवणार कोण' हा प्रश्न. पुस्तक निवडताना लोक मुलाचा विचार करतात, शिकवणाऱ्याचा करत नाहीत. त्या घरात दुपारी मोकळे हात दोघांचेच, आईचे आणि आजोबांचे. आजोबा जुनी सातवी झालेले, पेपर अथपासून इतिपर्यंत वाचणारे. इतिहास-भूगोल त्यांच्याकडे गेला. आई मराठी आणि गणित बघायची. भागाकार तिलाही विसरला होता, तो दोघी बरोबरच शिकल्या. इंग्रजीला आठवड्यातून दोनदा बाई येत. जे पुस्तक घरातले माणूस उघडून वाचू शकत नाही ते कितीही नामांकित असले तरी घरात निरुपयोगी, मग ते इंग्रजी असो की केंद्रीय बोर्डाचे असो. ज्या घरी आई-वडील दोघेही पदवीधर आहेत, इंग्रजी सराईत आहे, त्यांनी खुशाल इंग्रजी माध्यम घ्यावे. शहरातले काही पालक मुलांना केंब्रिजच्या परीक्षेलाही बाहेरून बसवतात, तिथे दर विषयाला वेगळी आणि जबर फी पडते. आपल्यापैकी फार थोड्यांना त्याची गरज पडेल.

आमचा वाटा म्हणाल तर आम्ही एकच तास घेतला. मुलीला टक्केवारी समजत नव्हती, म्हणून वडिलांची वजनपावती आणि उसाचे बिल घेऊन बसलो. भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, निव्वळ ऊस. उतारा साडेअकरा टक्के धरला तर टनाला साखर किती? ११५ किलो, तिने काढले. मग म्हणाली, "काका, बाकीचं ८८५ किलो कुठं जातं?" आम्ही सांगितले, साधारण २८० किलो बगॅस, चाळीसेक किलो मोलॅसिस, तेवढेच प्रेसमड. तिने बेरीज करून वजाबाकी केली आणि अर्ध्या टनाच्या वर आकडा उरला तो आमच्यापुढे धरला. ते पाणी. रस उकळून वाफ होऊन जाते. गुऱ्हाळाची काहील तिने पाहिली होती, त्यामुळे बाष्पीभवनाचा धडा वेगळा शिकवावा लागला नाही. पुढे एफआरपीचा दर १०.२५ टक्के पायाभूत उताऱ्याला बांधलेला असतो आणि त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला वाढ मिळते, हेही तिने समजून घेतले. आज ते बिल घरात तीच तपासते. वार्षिक सभेत उताऱ्यावर तावातावाने बोलणाऱ्या आपल्या काही सभासदांना हा हिशेब येतो का, ते विचारण्याचे धाडस आम्ही करत नाही.

शिक्षण मुलाच्या ठिकाणी नेण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केले, पुढे ते कोसबाडला गेले. आदिवासी पोरे गुरे राखायला जात, शाळेत येत नसत. तेव्हा या बायांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा असेच तिला नाव पडले. गुरांच्या वेळेप्रमाणे शाळेची वेळ.

आता दाखल्याचे. आमची सर्वांत मोठी चूक हीच होती. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे आणि मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य मानले आहे. घरी शिकवण्याचा मार्ग म्हणून त्यात वेगळी तरतूद नाही. बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना मात्र २०१२ च्या दुरुस्तीने घरी राहून शिक्षण घेण्याची मुभा मिळाली. म्हणून आजारपण दोन-तीन वर्षांचे असले तरी पटावरचे नाव काढू नका. मुख्याध्यापकांना भेटा, डॉक्टरांचा कागद द्या, अभ्यास घरी करून घेऊ म्हणून सांगा. बहुतेक शिक्षक समजून घेतात. नाव राहिले की मोफत पुस्तके मिळतात, परीक्षेला बसता येते, मैत्रिणींची सोबत तुटत नाही. मूल शाळेबाहेर पडलेच असेल तर वयाप्रमाणे वर्गात पुन्हा प्रवेश देण्याचे कलम कायद्यात आहे. परंतु २०२३ पासून आपल्या राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली आहे, तेव्हा पाचवीच्या पुढच्या वर्गात परत जायचे असेल तर त्या परीक्षेचे काय, हे आधी शाळेत विचारून घ्यावे. आमच्या शहाणपणामुळे त्या मुलीचा दाखला निघाला तो निघालाच. परत शाळेत घालायला वडील धजले नाहीत.

उसतोडीला येणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना हा लेख लागू नाही. त्यांना घरी शिकवायला दिवसा घरी कुणी नसतेच. त्यांच्यासाठी गावाकडे हंगामी वसतिगृह, आणि मूल बरोबर आलेच तर शिक्षण हमी पत्रक घेऊन जवळच्या शाळेत प्रवेश, हाच रस्ता. ज्यांच्या फडात टोळ्या उतरल्या आहेत त्या सभासदांनी एवढी चौकशी जरूर करावी.

आणखी एक गोष्ट लिहिणे भाग आहे. एका वस्तीवर आम्हाला सांगण्यात आले, "पोरगी घरीच शिकती." आम्ही पुस्तके मागितली तेव्हा एकच निघाले, तेही मागल्या वर्षीचे. मुलगी आजारी नव्हती. धुणे, भांडी, दोन म्हशी आणि लहान भाऊ एवढा तिचा अभ्यासक्रम होता आणि पुढच्या वर्षी पाहुणे बघायला यायचे होते. वय पंधरा. अशा घरी आम्ही पुस्तकांची यादी देत नाही. तिथे बाईंना आणि सरपंचांना घेऊन जातो. तिच्या वडिलांनी त्या दिवसापासून आमच्याशी बोलणे टाकले आहे. चालेल.

मुलाचे चौदा वर्षे वय झाले की दहावीचा विचार आला. इथे तीन वाटा आहेत. पहिली १७ नंबर फॉर्मची. खाजगी विद्यार्थी म्हणून आपल्या राज्य मंडळाचीच परीक्षा, तोच पेपर, तेच प्रमाणपत्र. जवळचे हायस्कूल किंवा संपर्क केंद्र यातून अर्ज होतो, शाळा सोडल्याचा दाखला लागतो, आणि मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते. आम्ही दोघा सभासदांना मुदत टळल्यावर कपाळाला हात लावून बसलेले पाहिले आहे. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची. १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून ती निघाली, २००२ मध्ये नाव बदलले. तिथे पाच विषय, त्यात एक तरी भाषा, बाकी निवड आपली. दहावीला गणित घेतलेच पाहिजे असे नाही. वर्षातून दोनदा परीक्षा, पाच वर्षांत नऊ संध्या, सुटलेला विषय सुटला. माध्यम मराठीही घेता येते. तिच्याच तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या खालच्या पातळ्याही आहेत. तिसरी वाट आपल्या राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची, पाचवी व आठवीपासून. ज्याने शाळा पाहिलीच नाही त्याला ती सोयीची.

यातली चांगली कोणती, असे विचारू नका. को ८६०३२ चांगला की फुले २६५, असे आम्हाला विचारले तर आम्ही जमीन चोपण आहे का, पाणी किती आहे, तोड कधी हवी ते उलट विचारतो. तालमीतल्या पोराला मुक्त विद्यालय बरे, कारण स्पर्धेच्या तारखा बोर्डाच्या तारखांना जुमानत नाहीत. ज्याला पुढे तंत्रनिकेतनात किंवा शेती पदविकेला जायचे आहे त्याने गणित-विज्ञान सोडू नये, सुटका मिळते आहे म्हणून तर मुळीच नाही. मराठी माध्यमाचे शिक्षक, जुन्या प्रश्नपत्रिका, शेजारच्या मुलाच्या वह्या यांची ज्याला गरज आहे त्याला १७ नंबर सोयीचा, कारण या गोष्टी गावोगाव मिळतात.

आपल्या मुलीसाठी आमचा कौल मुक्त विद्यालयाकडे होता. आजार कधी उचल खाईल सांगता येत नाही, थंडीत तर फार. विषय दोन-दोन करून सोडवता येतील, असा आमचा हिशेब. बाईही त्याच मताच्या. आम्ही तिला समोर बसवून सगळे समजावले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "मला १७ नंबर भरायचाय. सहावीतल्या माझ्या मैत्रिणी दहावीचा जो पेपर देऊन पुढे गेल्या, मला तोच द्यायचाय. राहिला एखादा विषय तर जुलैत देईन." चार वर्षांत तिला काय हवे ते आम्ही पहिल्यांदाच विचारले होते. फॉर्म वेळेत भरला. अपंगत्वाचे प्रमाणपत्र निघाले आहे, त्यामुळे तासाला वीस मिनिटे जादा मिळतील.

राहता राहिला लेखनिकाचा प्रश्न. बोटे धरली तर लिहायला दुसरे कुणी लागेल आणि ते खालच्या वर्गातले लागते. त्याची मंजुरी शाळेमार्फत विभागीय मंडळाकडून आधी घ्यावी लागते. तेव्हा आपल्या गटात ज्या सभासदांच्या घरी नववीत शिकणारी, अक्षर स्वच्छ असलेली आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पेपरांच्या दिवशी मोकळी होऊ शकेल अशी मुलगी असेल, त्यांनी या महिनाअखेर गट कार्यालयात आम्हाला भेटावे. तिला ने-आण करण्याची सोय मुलीचे वडील करणार आहेत. दोघींची एकदा सरावाला गाठ घालून द्यावी असे बाईंचे म्हणणे आहे, म्हणून शक्यतो रविवारी यावे.